शेवटच्या बोअरची परीक्षा

मोटारसायकल मी आयुष्यात एकदाही चालवलेली नाही. मागे बसले तीही दोनदाच आणि दोन्ही वेळा नाइलाजाने. तेव्हा एक जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करण्याच्या या कामातला माझा वाटा आधीच स्पष्ट सांगते. मी नोंदवही ठेवली, परदेशी गेलेली पत्रे लिहिली आणि एक परीक्षा घेतली. बाकीचे सारे श्रेय इतरांचे आहे.

यंत्र खोलून पुन्हा जोडले की एखादा बोल्ट उरतोच, असे आमच्या शेडमधले लोक सांगतात. तो कुठला, हे कोणाला आठवत नाही आणि टाकून देण्याचा धीरही होत नाही. मग तो डब्यात जातो. दीड वर्षात आमचा डबा दोनदा भरला. किश्शांचेही तसेच झाले. प्रत्येक रविवारी एखादा उरायचा. त्यांपैकी जे माझ्यासमोर घडले, तेवढेच येथे देते.

शेड म्हणजे दामोदर पाटलाचे गोडाऊन. पनवेलला तलावामागच्या गल्लीत, माझ्या इमारतीला लागूनच ते आहे. दामोदर माझा विद्यार्थी. आठवीत तो शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर मोटारसायकली काढायचा. आज तो साठीला आला आहे, विटा-सिमेंट-टाइल्सचा मोठा व्यापारी आहे. मात्र मी शेडमध्ये गेले की अजून खुर्चीवरून उठतो. मागच्या पानावरची ती मोटारसायकल त्याने पुढे खरोखरच मिळवली. परदेशी बनावटीची, टू-स्ट्रोक, खास मातीवरच्या शर्यतींसाठी बांधलेली. भातकापणी झाली की आपटा गावच्या नदीकाठच्या शेतांवर तरुण पोरे शर्यती लावायची. त्यांत दामोदर दोन वर्षे पहिला आला. पुढे गाडी बंद पडली, धंदा वाढला आणि तीस वर्षे गेली. एकदाच, फक्त एकदाच त्या काठावर तिच्यावरून फेरी मारायची, एवढीच त्याची इच्छा आहे.

* * *

दामोदरच्या घरची पूर्वी मिठागरे होती. गाडी बंद पडली तेव्हा ती ठेवायला त्याला सर्वांत सुरक्षित जागा दिसली, ती मिठाचे कोठार. पाऊस नाही, ऊन नाही, उंदीर नाही. जन्म मिठात गेलेल्या माणसाकडूनच ही चूक व्हावी. अशा माणसांना मीठ दिसेनासे झालेले असते. गाडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढरी साय धरलेली होती आणि इंजिन दगडासारखे जाम झाले होते.

रफिकभाईंना बोलावले. बाजारपेठेत त्यांचे लेथ मशीनचे छोटे दुकान आहे. वय बहात्तर. धातू कापणे, घासणे, गोल करणे यांत पनवेलमध्ये त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी इंजिनात रॉकेल आणि कसलेसे तेल ओतले, भोकात बोळा कोंबला आणि सांगितले, “एकवीस दिवस. कुणी हात लावायचा नाय.”

दामोदर रोज सकाळी येऊन इंजिनाकडे बघून जाई. नवव्या दिवशी त्याने भीत भीत विचारले की, हलकीशी हातोडी मारून बघू का. रफिकभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “दामूशेठ, ती तुझ्यासाठी तीस वर्षं थांबली. तू तिच्यासाठी एकवीस दिवस थांब.”

बाविसाव्या दिवशी त्यांनी लाकडी हातोडीने, अंडे फोडावे इतक्या बेताने, तीन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला आत काहीतरी सरकले. ट्रकवाल्यांवर गल्लीभर ऐकू जाईल इतक्या आवाजात ओरडणारा दामोदर पायरीवर जाऊन बसला आणि रुमालाने तोंड पुसू लागला. रफिकभाई म्हणाले, “कुणी चहा सांगा रे.”

आता मुख्य अडचण सांगते, कारण पुढचे सर्व तिच्याभोवती फिरते. ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते सिलिंडर. ते आतून झिजले की कापून थोडे मोठे करायचे आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा; याला बोअर करणे म्हणतात. असे चारदाच करता येते. त्यापुढे भिंत इतकी पातळ होते की सिलिंडर भंगारातच जाते. आमच्या गाडीचे बोअर तीनदा झालेले होते, तिन्ही वेळा रफिकभाईंच्याच हाताने. मिठाने आत बारीक खड्डे पाडले होते. चौथे आणि शेवटचे बोअर करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते केसभर चुकले तर तसले दुसरे सिलिंडर जगात मिळत नाही. आम्ही शोधून पाहिले होते.

* * *

गाडी सुटी करताना प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा, हा नियम माझा. एकशे सदतीस भाग निघाले. प्रत्येकाला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली, दुहेरी गाठ मारली आणि त्यावर सुवाच्य अक्षरात क्रमांक व नाव लिहिले. नोंदवहीत तेच क्रमांक, तीच नावे. चौतीस वर्षे मी वर्गाचा हजेरीपट ठेवला आहे. त्यात कधी खाडाखोड झाली नाही. त्यामुळे मी थोडी निश्चिंत होते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या रविवारी सगळे भाग रॉकेलच्या घमेल्यात बुडवून धुतले, चिठ्ठ्यांसकट, आणि मग पाण्याने. मी चिठ्ठ्या माझ्या नेहमीच्या शाईच्या पेनाने लिहिल्या होत्या. अर्ध्या तासाने घमेल्यात निळे पाणी, एकशे सदतीस भाग आणि एकशे सदतीस कोऱ्या चिठ्ठ्या होत्या.

मला रागवायला कोणी धजले नाही. मी शाळेतली बाई होते ना.

शेवटी रफिकभाई स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. “बाई, पेन्सिल घ्या.” एकेक भाग त्यांच्या हातात द्यायचा. ते अंगठा फिरवायचे आणि सांगायचे : हा गिअरच्या दांड्याचा, डावीकडचा. हा क्लचचा, याला एक भाऊ हाय, तो अजून घमेल्यात हाय. हा या गाडीचा नायच, कुठल्या तरी स्कूटरचा मिसळलाय. दोन तासांत सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहून झाल्या. नंतर मी गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून पाहिले. एकही चूक नव्हती. स्कूटरचा तो भाग खरोखरच स्कूटरचा निघाला.

डोळे मिटले ती त्यांची ऐट असावी, असे त्या दिवशी मला वाटले होते.

* * *

मागच्या चाकाचे दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, काही केल्या सापडेना. एक दिवस दामोदर गावी काकीकडे जेवायला गेला आणि कालवणाचे पातेले ज्यावर ठेवले होते त्याकडे बघतच राहिला. काकी गेली अठ्ठावीस वर्षे त्याच स्प्रॉकेटवर गरम भांडी ठेवत होत्या.

काकी म्हणजे ऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांनी सरळ विचारले, “नं मी पातेला कशावर ठेवू?”

दामोदरने नव्या तिवया नेल्या. त्या हलक्या आहेत म्हणून परत आल्या. केदारने रबराच्या रंगीत चकत्या नेल्या. त्यांना म्हणे वास येत होता. केदार हा आमच्यातला चौथा. खारघरला बाराव्या मजल्यावर राहतो, संगणकाच्या कंपनीत अभियंता आहे. दामोदरकडे बाथरूमच्या टाइल्स घ्यायला आला, गाडी पाहिली आणि टाइल्स विसरून गेला. त्याच्या पत्नीला बाथरूम तीन महिने उशिरा मिळाले.

अखेर रफिकभाईंनी तोड काढली. ते काकींकडे गेले, स्प्रॉकेटचा कागदावर ठसा घेतला, जाडी मोजली आणि कडक पोलादातून हुबेहूब दुसरे घडवले. बेचाळीस दाते, एकेक कानसीने घासलेला. आम्ही चौघेही ते घेऊन काकींकडे गेलो. काकींनी दोन्ही हातांत दोन्ही चक्रे तोलली, उलटसुलट केली, नव्याचे दाते बोटाने चाचपले.

“चांगला केलाय. नवा हाय तो तुमी गाडीला लावा,” त्या म्हणाल्या. “माज्या पातेल्याला याची सवय हाय.”

आमच्या गाडीच्या मागच्या चाकाला आज रफिकभाईंचे चक्र आहे. साखळी त्यावर अशी बसली आहे की, कारखान्यातून आलेले कोणते आणि पनवेलचे कोणते, हे तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. कारखान्यातले काकींच्या स्वयंपाकघरात आहे.

* * *

केदारविषयी एक सांगितलेच पाहिजे. इंजिनाच्या आवरणातून जुनी बेअरिंगे काढायची तर आवरण आधी सगळीकडून सारखे तापवावे लागते. एकाच जागी ज्योतीचा दिवा मारला तर ते वाकते. केदारने पुस्तकात वाचले की, घरचा ओव्हन यासाठी उत्तम. पत्नी माहेरी गेल्याची संधी साधून त्याने आवरण ओव्हनमध्ये ठेवले. ते धुतलेले होते; पण तीस वर्षांचे तेल कोपऱ्याकोपऱ्यांत मुरलेले असते.

वीस मिनिटांत सातव्या मजल्यापासून चौदाव्यापर्यंत वास गेला. खारघरमध्ये विचित्र वास आला की लोक खिडकी लावतात आणि तळोज्याच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. सोसायटीच्या ग्रुपवर एकामागून एक संदेश येऊ लागले. कोणी डोळे चुरचुरतात म्हणाले, कोणी थेट प्रदूषण मंडळाकडे तक्रार करा म्हणाले. तक्रार लिहिण्याचे काम अर्थातच सोसायटीच्या सचिवाचे.

सचिव केदार होता. हातात ओव्हनचे मोजे घालून त्याने एका बोटाने उत्तर लिहिले : “सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, वासाचे मूळ शोधण्यात आले असून तो सुमारे चाळीस मिनिटांत बंद होईल.”

तो अडतिसाव्या मिनिटाला बंद झाला. इतका तत्पर सचिव आजवर झाला नाही, असे सोसायटीत अजून बोलतात. बेअरिंगे अलगद निघाली. ओव्हन मात्र बदलावा लागला, आणि त्याविषयी केदारची पत्नी काय म्हणाली, ते मला केदारने सांगितलेले नाही.

* * *

शेवटच्या बोअरसाठी लागणारा मोठा पिस्टन भारतात नव्हता. केदार चार महिने जगभरच्या विक्रेत्यांना संगणकावरून संदेश पाठवत होता. उत्तर येत नव्हते. त्याचे संदेश मी वाचायला मागितले. ते दीड ओळीचे होते आणि त्यांत नमस्कारही नव्हता. मी म्हटले, “केदार, या भाषेत मला कोणी खडू मागितला असता, तरी मी दिला नसता.”

मग मी लिहिले. प्रथम आपण कोण, गाडी कोणाची, ती कोठे धावली, कशी बंद पडली. मग पिस्टनचे नेमके माप. शेवटी, आपल्याकडे नसल्यास कोणाकडे असू शकेल हे कळवण्याची विनंती. असे एक पत्र ऑस्ट्रियातल्या एका लहान गावातल्या दुकानदाराला गेले. पाच आठवड्यांनी उत्तर आले. गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्याकडे त्या मापाचा एकच पिस्टन उरला होता. तो त्यांनी अनेक वर्षे कोणाला विकलेला नव्हता. कारण, त्यांच्याच शब्दांत, मागणाऱ्यांना तो फक्त हवा होता. त्यांचा एकच प्रश्न होता. सिलिंडर कोण बोअर करणार, आणि त्या माणसाला मी ओळखते का?

मी त्याच दिवशी कळवले की, ओळखते. आमच्या शाळेची पितळी घंटा तडकली होती, तेव्हा ती याच माणसाने सांधली. सांधल्यावर तिचा आवाज जुळेना म्हणून तीन वेळा परत नेली आणि चौथ्या वेळी आणून दिली तेव्हा शिपायालाही फरक कळला नाही. चाळीस वर्षांत त्याने अर्धवट सोडलेले एकही काम माझ्या पाहण्यात नाही. शब्द माझा.

पिस्टन आला, तो जाड लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. केदारने मोजा नीट घडी करून मला दिला. “बाई, हा तुमचा,” तो म्हणाला. दामोदर नुसता पिस्टनकडे बघत होता. आता उरले होते ते फक्त शेवटचे बोअर.

* * *

आणि त्याच रविवारी रफिकभाईंनी किटलीतला चहा बशीच्या बाहेर ओतला.

कोणाच्या लक्षात आले नसते. पण त्यांना स्वतःला ते दिसलेच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. दोन वर्षांपासून. शस्त्रक्रिया ते पुढे ढकलत होते. झुबेदाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगून सांगून थकल्या होत्या. चिठ्ठ्यांच्या दिवशी त्यांनी डोळे का मिटले होते, ते मला तेव्हा कळले.

केदारने अतिशय हळुवारपणे विषय काढला. तळोज्याला एक वर्कशॉप आहे, संगणकावर चालणारी यंत्रे आहेत, माप चुकण्याचा प्रश्नच नाही. शेवटचे बोअर तिथे करावे. तो चुकीचे बोलत नव्हता. दामोदर रफिकभाईंकडे बघत नव्हता आणि माझ्याकडेही.

रफिकभाईंनीच तिढा सोडवला. “केदार बरोबर बोलतोय. तळोज्याला द्या. माझ्यावरचा यकीन मला कळतो, पण सिलिंडर एकच हाय.”

“चाचा, तुमी नाय म्हणालात तर मी गाडी अशीच ठेवीन,” दामोदर म्हणाला.

“मग ठेव परत मिठात.”

मी कोणाच्याच बाजूने बोलू शकत नव्हते. मी ऑस्ट्रियाला शब्द दिलेला होता. माझे मत आधीच विकले गेले होते. अशा वेळी काय करायचे, हे मात्र मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एकाच वर्गात असले की उत्तरपत्रिकेवर नाव घालायचे नसते, क्रमांक घालायचा.

भंगारवाल्याकडून एकाच जातीच्या स्कूटरची दोन टाकाऊ सिलिंडरे आणवली. दोन्ही मी वर्तमानपत्रात गुंडाळली, प्रत्येकाच्या बोल्टच्या भोकातून दोरा ओवून चिठ्ठी बांधली, दुहेरी गाठ मारली आणि पेन्सिलीने क्रमांक घातले : एकेचाळीस आणि बेचाळीस. एक तळोज्याला, एक रफिकभाईंकडे. दोघांना तेच माप. चिठ्ठी सोडायची नाही. केदार दोन्ही मोजेल, पण कोणते कोणाचे हे त्याला शेवटपर्यंत कळणार नाही. ते माझ्या नोंदवहीत, आणि नोंदवही माझ्या कपाटात. दामोदर तळोज्याला पोचवून आला. दुसरे मी स्वतः रफिकभाईंच्या दुकानात नेऊन दिले आणि बजावले, “रफिकभाई, ही परीक्षा आहे. निकाल लागेपर्यंत पेपराविषयी कोणाशी एक शब्दही बोलायचा नाही. माझ्याशीसुद्धा नाही.”

“जी, बाई,” ते म्हणाले.

दहा दिवसांनी दोन्ही परत आली. केदारने सकाळभर मोजली. वर, मध्ये, खाली, आडवे, उभे. प्रत्येक माप दोनदा. मग त्याने चष्मा काढला आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून मोजले.

“बाई, फरकच नाही,” तो म्हणाला. “माप सोडा, धारदार कडा घासून बोथट करायची पद्धतसुद्धा एक आहे. दोन्ही पेपर एकाच मुलाने लिहिल्यासारखे आहेत.”

चौतीस वर्षांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी एकच निघाला आहे. मी त्याच दुपारी तळोज्याच्या वर्कशॉपच्या मालकांना, सावंतांना, शेडवर बोलावून घेतले. सावंत पन्नाशीचे, अदबशीर गृहस्थ. मी दोन्ही सिलिंडरे टेबलावर ठेवली आणि विचारले, हे काम कोणत्या यंत्रावर केले?

सावंत इकडे तिकडे बघू लागले. मग त्यांनी खरे ते सांगितले. त्यांची यंत्रे हजार नग एका मापाचे काढण्यासाठी आहेत. एका जुन्या सिलिंडरसाठी ती लावायची म्हणजे दिवसभर कारखाना बंद. असे जुने काम आले की ते बाहेर पाठवतात. पनवेलला बाजारात एक म्हातारे उस्ताद आहेत, त्यांच्याकडे. वर्षानुवर्षे. त्यांच्या कामाबद्दल कधी एक तक्रार आलेली नाही.

शेडमध्ये सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रफिकभाई कोपऱ्यात स्टुलावर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

“रफिकभाई,” मी म्हटले, “सावंतांकडचे सिलिंडर तुमच्याकडे आले, तेव्हा ते परीक्षेचेच आहे हे तुम्हाला कळले होते?”

“गाठ तुमची होती, बाई. बोटाला लगेच लागली.”

“मग सांगितले का नाही?”

“तुमीच बोलला होतात ना,” ते म्हणाले, “पेपराबद्दल बोलायचं नाय. तुमच्याशीसुद्धा नाय.”

दामोदर पोट धरून हसत होता. सावंतांना काय चालले आहे ते कळेना. केदार त्यांना समजावत होता आणि मध्येच स्वतःच हसत होता. मी मनाशी सर्व नियम तपासून पाहिले. यात गैरप्रकार झाला, असे म्हणता येईना. परीक्षार्थीने आपले दोन्ही पेपर स्वतःच लिहिले होते.

मग केदार शांत झाला आणि त्याने विचारले, “चाचा, हे काम तुम्हाला नको होते ना? एक सिलिंडर जरासे बिघडवले असते, तर तुमची सुटका झाली असती.”

रफिकभाईंना प्रश्नच समजला नाही असे दिसले. “सिलिंडरची काय चूक?” ते म्हणाले.

त्यानंतर ठरवायचे फारसे काही उरले नाही. केदारनेच प्रस्ताव मांडला : शेवटचे बोअर रफिकभाईंनी करावे. सावंतांनी स्वतःचे सर्वांत बारीक मोजमापाचे यंत्र आणून देण्याचे कबूल केले. माझी एकच अट होती : आधी डोळ्यांची शस्त्रक्रिया, मग बोअर. मी वेळापत्रक ठरवले की ते बदलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

“नाय बाई,” रफिकभाई म्हणाले. “हे हात आता डोळ्यांवाचून शिकलेत. डोळे आले तर आळशी होतील. आधी सिलिंडर, मग डोळे.”

मी वेळापत्रक बदलले.

नोंदवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे. बोअर बुधवारी सकाळी दहा वाजता, रफिकभाईंच्या दुकानात. कापतील ते, मोजयंत्रावरचे आकडे मी मोठ्याने वाचीन. शस्त्रक्रिया शुक्रवारी. मान्य : केदार, सावंत, दामोदर. झुबेदाभाभींनी आधी शुक्रवारची तारीख दवाखान्याच्या कागदावर शिक्क्यासह पाहिली आणि मगच होकार दिला. रफिकभाईंना सहीची जागा दिसणार नाही म्हणून मी ती ओळ नखाने दाबून खोल केली. त्यांनी बोट फिरवले, ओळ शोधली आणि बरोबर तिच्यावर सही केली.